पाच वाजताचे सात फोन

भूगोलाच्या बाईंना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. वर्गात शिकवताना त्या खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहायच्या, तासाला दोन खडू बोटांत मोडून टाकायच्या आणि शिक्षकांच्या खोलीत चहा उभ्यानंच प्यायच्या. "बाई, पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलात का?" असं शिपाईमामा त्यांना महिन्यातून एकदा तरी विचारायचे. आणि शाळा काय, ऑफिस काय, असा स्वस्थ न बसणारा माणूस सापडला की उरलीसुरली सगळी कामं त्याच्याच गळ्यात पडतात. बाईंच्या गळ्यात पडलं होतं शाळेचं पत्रक.

पत्रक म्हणजे दर दुसऱ्या गुरुवारी निघणारा चार पानांचा कागद. पहिल्या पानावर मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं मनोगत. ते कुणी वाचत नसे. दुसऱ्या पानावर कोण कुठल्या स्पर्धेत कितवा आला ते. चौथ्यावर हरवलं-सापडलं : एक निळी बाटली, चष्म्याचं रिकामं घर, डाव्या पायाचा बूट. उजव्या पायाचं काय झालं, देव जाणे. आणि तिसरं पान पालकांसाठी. परीक्षा जवळ आली की या तिसऱ्या पानाला जोर चढायचा. मुलांना दुसऱ्यांच्या मुलांशी तोलू नका. जेवताना मार्कांचा विषय काढू नका. मुलांची झोप सांभाळा. हे सगळं बाई स्वतः लिहायच्या, मनापासून लिहायच्या आणि चारशे घरी पाठवून द्यायच्या. पोरं त्यांना पाठीमागे बातमीबाई म्हणायची. बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आता या शाळेची एक खास रीत होती. दहावीच्या परीक्षेआधी तीन आठवडे प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला सात मुलं यायची, आणि त्या सातांना त्यानं रोज पहाटे पाचला फोन करून उठवायचं. कल्पना मोठ्या बाईंची. चार वर्षांपूर्वी त्यांनी ती काढली, त्या वर्षी निकाल बरा लागला, झालं, तेव्हापासून ती काळ्या दगडावरची रेघ. गणिताचे सर फोनवर सतराचा पाढा म्हणवून घ्यायचे. भाषेच्या बाई नुसतंच "उठलास? बरं" म्हणून स्वतः पुन्हा पांघरुणात शिरायच्या, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. भूगोलाच्या बाईंनी मात्र युक्ती काढली होती. फोन उचलला की त्या म्हणायच्या, "जा खिडकीशी. काय दिसतंय ते सांग." म्हणजे पोरगं अंथरुणातून उठलंच पाहिजे. मग जे कळेल ते त्या एका लांबट वहीत टिपून ठेवायच्या. उठला त्याला बरोबरची खूण, नाही उठला त्याला फुली.

सातांतला एक जण रोज "अंधार दिसतोय, बाई" एवढंच सांगायचा. त्याला खोटं कोण पाडणार? दुसरा आठवडाभर झाडावरचे पक्षी मोजून दाखवत होता, आणि मग कळलं की त्याच्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत आहे. बाईंनी त्याची वर्गात अशी काही हजेरी घेतली की पोरगा दोन दिवस पक्ष्यांचं नाव काढेना. पण त्या सातांत एक मुलगी होती, आणि तिच्यावर बाईंचा जीव जडला होता.

ही तिसऱ्या बाकावरची, इस्त्रीवालीची मुलगी. आईचं रस्त्यावर इस्त्रीचं छोटं दुकान, दुकानाच्या वर एक खोली, त्यात मायलेकी. वडील लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचे, महिन्यातून दोनदा घर बघायचे. पोरगी बेताच्या मार्कांची, बेताच्या आवाजाची, वर्गात असून नसल्यासारखी. पण फोन? पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचललेला. आवाजात झोपेचा मागमूस नाही. आणि खिडकीतलं असं सांगायची की बाईंनी फेऱ्या मारायचं थांबून ऐकत राहावं.

"दुधाची गाडी कोपऱ्यावर उभी आहे, बाई. आज ड्रायव्हर नवा आहे, जुना टोपी घालायचा. दवाखान्याच्या पायरीवर कुत्रं झोपलंय. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचा दिवा अडीचला बंद झाला होता, चारला परत लागला. तिथे तान्हं बाळ आहे ना, ते रडलं असेल."

काय ही नजर! बाई म्हणायच्या. इतकी वर्षं नकाशे बडवले, पण अशी नजर एकाही पोराला देता आली नाही. फोन ठेवल्यावर त्या स्वयंपाकघरात येरझारा घालत नवऱ्याला ते सगळं ऐकवायच्या, आणि तो उशीखाली डोकं घालून "हो का, छान" म्हणायचा.

परीक्षेच्या आधीचं शेवटचं पत्रक निघायचं होतं. तिसरं पान भरत नव्हतं. तेच ते उपदेश किती वेळा छापायचे? बुधवारी दुपारी बाईंना सुचलं. त्यांनी वही काढली आणि एका दमात लिहून टाकलं. मथळा दिला : "फोनच्या आधी जागी असणारी मुलगी". मुलीचं नाव, वर्ग, तुकडी, सगळं छापलं. दुधाची गाडी, टोपीवाला ड्रायव्हर, अडीचला गेलेला आणि चारला लागलेला दिवा, तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. दोनदा तपासलं. काना-मात्रा नीट केल्या. गुरुवारी पत्रक घरोघरी गेलं.

गुरुवारीच मधल्या सुट्टीपर्यंत पोरीचं नाव 'गजर' पडलं. "ए गजर, उद्या मलापण उठव गं!" "गजर, किती वाजले?" पोरं काय, त्यांना निमित्तच हवं असतं. पण मोठी माणसं तरी कुठे कमी होती! घरोघरी पोरांच्या नाकासमोर ते पान नाचवलं गेलं : बघ, इस्त्रीवालीची पोर बघ, आणि तू बघ, आठ वाजले तरी लोळतोयस. त्याच पानावर, चार बोटं वर, मुलांना दुसऱ्यांच्या मुलांशी तोलू नका असं ठळक छापलेलं होतं. इस्त्रीवालीनं तर पान दुकानाच्या भिंतीला चिकटवलं आणि कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी ते वाचायला लावलं. आणि मोठ्या बाईंनी जाहीर करून टाकलं की सोमवारी निरोपाच्या कार्यक्रमाला संस्थेचे लोक येतायत, तेव्हा या मुलीला स्टेजवर बोलवायचं आणि ती रोज कशी उठते ते तिच्या तोंडून सगळ्यांना ऐकवायचं. मंगळवारी पहिला पेपर होता. तेवढाच मुलांना हुरूप, मोठ्या बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी शिपाईमामा शिक्षकांच्या खोलीत चहा घेऊन आले. हे मामा चारशे पत्रकांच्या घड्या घालायचे आणि घड्या घालता घालता अंक वाचून काढायचे. मनोगतापासून बुटापर्यंत पत्रक वाचणारा त्या शाळेत एवढा एकच माणूस. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मामांनी कप ठेवला, पण गेले नाहीत.

"बाई, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"ती इस्त्रीवालीची पोर म्हणते, समोरचा दिवा अडीचला बंद झाला."

"हो ना! कसलं बारीक लक्ष आहे बघा तिचं."

"लक्ष आहेच हो. पण तुमचा फोन तर पाचला जातो. मग अडीचला ही पोर खिडकीत काय करत होती?"

बाईंनी कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"आणि चारलाही जागीच होती म्हणायची," मामा चाचरत म्हणाले. "मी शाळेत लागण्याआधी सहा वर्षं रात्रपाळीला वॉचमन होतो, बाई. कुणाचा दिवा कधी गेला, कुत्रं कुठे पडलंय, हे मला पाठ असायचं. झोपणाऱ्या माणसाला नसतं. म्हणून म्हटलं, विचारावं."

मामा गेले. बाईंनी चहा न पिताच कप खाली ठेवला आणि कपाटातून ती लांबट वही ओढून काढली. एकोणीस दिवसांची नोंद, सगळी त्यांच्याच अक्षरात. पोलिसांची गाडी पावणेदोनला गेली. औषधाच्या दुकानाची पाटी साडेतीनपर्यंत चालू होती. तीनच्या सुमाराला कुणीतरी सायकल ढकलत नेली, चाक पंक्चर असावं. अहो, एकदा नाही, दोनदा नाही, गेले बारा दिवस रोज! रोज पोरीनं सांगितलं होतं, रोज बाईंनी ऐकलं होतं, कौतुकानं लिहून घेतलं होतं, आणि वर चारशे घरी छापून पाठवलं होतं. एवढं समोर असून आपल्याला दिसू नये? बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

त्यांनी सराव परीक्षेचा गठ्ठा उपसला. पोरीच्या नकाशात डोंगर समुद्रात गेले होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शब्दाला शब्द दोनदा लिहिलं होतं, आणि तिसऱ्या प्रश्नाच्या मधोमध पेनाची एक रेघ घसरत पार समासाबाहेर गेली होती. त्याखाली बाईंनीच चार दिवसांपूर्वी लाल पेनानं लिहिलं होतं, "लक्ष कुठे आहे?"

शेवटच्या तासानंतर त्यांनी पोरीला जिन्यात गाठलं. बाकीची मुलं धडाधड उतरून गेली. जवळून बघितल्यावर बाईंना दिसलं ते आधीही दिसायला हवं होतं : डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले, आणि हात दप्तराच्या पट्ट्याशी सारखा चाळा करतोय.

"खरं सांगायचं. रात्री झोपतेस की नाही?"

"झोपते, बाई."

"कधी?"

पोरगी म्हणाली, "शाळेतून गेल्यावर कधी कधी डोळा लागतो. बसल्या बसल्या."

"आणि रात्री?"

"रात्री फोन येतो ना."

"अगं, फोन पाचला येतो!"

"हो, पण झोप लागली आणि ऐकूच नाही आला तर?"

"नाही आला तर नाही आला. आभाळ कोसळणार आहे का?"

पोरीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. उलट बाईंना ही साधी गोष्ट माहीत नाही याचं नवल होतं. "पहिल्या दिवशी नव्हता आला ऐकू. फोन कपड्यांच्या गठ्ठ्याखाली गेला होता. तर तुम्ही वर्गात म्हणालात, सातांतले सहा उठले, एक राणीसरकार अजून लोळतायत. सगळे हसले."

बाईंना आठवेना. खरंच आठवेना. म्हणाल्या असतील, असलं दिवसातून दहादा त्या बोलायच्या, पोरं हसायची, तास पुढे सरकायचा. वहीत पोरीच्या ओळीत पहिल्याच दिवशी एक फुली होती आणि त्यापुढे सगळ्या बरोबरच्या खुणा. इतरांच्या ओळींत मधेमधे फुल्या होत्या, माणसासारख्या. हिच्या ओळीत एकच.

"मग मी ठरवलं, पुन्हा असं नको व्हायला. आधी साडेचारला उठून बसायचे. मग आपोआप तीनला जाग यायला लागली. आता पडलं की छातीत धडधडतं, म्हणून पडतच नाही. फोन हातात धरून खिडकीत बसते. तिथे बरं वाटतं, कुणी ना कुणी जागं असतं." आणि एकदम घाबरून तिनं बाईंचा हात धरला. "आईला नका सांगू, बाई. तिनं ते पत्रक भिंतीला लावलंय."

बाई तशाच मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आता काय करायचं म्हणता? आज शुक्रवार, मंगळवारी पेपर. फोन बंद केले तर पालक मला फाडून खातील. चार वर्षांची पद्धत आहे."

"सगळ्यांचे नका बंद करू. तिचा मी बंद करते. आणि सोमवारी ती स्टेजवर येणार नाही."

"संस्थेच्या लोकांना मी सांगून बसलेय!"

"मग मला बोलवा. मी सांगते काय छापलं आणि काय चुकलं ते."

मोठ्या बाईंनी टेबलावरचं पत्रक पालथं घातलं. "स्टेजवर कुणी यायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तीही नाही आणि तुम्हीही नाही. पण त्या मुलीनं पेपर लिहायला हवा, बाई. ते तुम्ही बघा. हा गुंता तुमचा आहे."

गुंता तुमचा आहे! म्हणे! पण खोटं काय होतं त्यात? शनिवारी पहाटे बाईंनी सहाच फोन केले. सातवा नंबर समोर होता. त्यावर बोट नेलं नाही. फोन नाही म्हटल्यावर पोर निदान लोळेल तरी, असा त्यांचा भाबडा हिशेब. त्या स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांचाच फोन वाजला.

"बाई, तुमचा फोन आला नाही." पोरगीच होती. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं बाळा. काही नाही चुकलं. झोप तू."

"चुकलं असेल तर सांगा, बाई. मी जागी होते. मी सारखी जागीच होते."

बाईंनी तिला कसंबसं समजावलं आणि फोन ठेवला. नवऱ्यानं झोपेतच विचारलं, "कोण होतं?" बाई म्हणाल्या, "माझंच कर्म," आणि पलंगाच्या कडेवर बसून रडल्या. तो उठला, काही न विचारता दिवा लावला आणि चहाचं आधण ठेवलं.

रविवारी दुपारी दोनला बाई इस्त्रीच्या दुकानात हजर झाल्या. दुकान कसलं, एक टेबल, एक इस्त्री, मागे छतापर्यंत कपड्यांचे गठ्ठे. भिंतीवर तिसरं पान, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. इस्त्रीवाली तोंडभर हसली. "या या, बाई! अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? पेढे मीच घेऊन येणार होते निकालाला."

तेव्हा बाईंनी सांगितलं. पोरीनं नको म्हटलं होतं तरी सांगितलं, आणि राणीसरकारचा भागही सांगितला, स्वतःला पाठीशी न घालता. इस्त्रीवालीचं हसू हळूहळू मावळलं. तिनं इस्त्री उभी केली.

"माझ्या शेजारी झोपते हो ती," ती म्हणाली. "हातभर अंतरावर. मी दिवसभर उभी असते, पडले की मेल्यासारखी झोपते. मला कळलंच नाही." मग तिला संताप आला, आणि तो यायलाच हवा होता. "आणि तुम्ही छापलंत! मी भिंतीला लावलं! येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं मी, बाई. माझ्या पोरीच्या जिवावर उठलेलं ते मी लोकांना दाखवत बसले!"

"हो," बाई म्हणाल्या. "मला काय बोलायचं ते बोला. पण आधी तिला झोपवू."

वरच्या खोलीत पोरगी पुस्तक उघडून बसली होती. तिनं बाईंना बघितलं, मागे आईचा चेहरा बघितला आणि काय ते समजली. बाईंनी लांबण लावली नाही.

"फोन माझ्याकडे दे. आता अडीच वाजलेत. तू झोपायचं. सहा वाजता मी तुला उठवणार. इथेच बसून राहणार मी, कुठे जाणार नाही."

"तुम्ही विसरलात तर?"

"नाही विसरणार."

"मीपण नव्हते विसरणार," पोरगी म्हणाली. "पहिल्या दिवशी."

खोटं बोलून भागण्यातलं हे नव्हतं. "मग बघ एकदा," त्या म्हणाल्या. "मी सहाला उठवलं नाही तर यापुढे माझं काही ऐकू नकोस."

पोरीनं फोन त्यांच्या हातात दिला. हातात दिला म्हणजे काय, बाईंना तो बोटांतून सोडवून घ्यावा लागला. ती भिंतीकडे तोंड करून पडली. आई खाली गेली. गिऱ्हाईक थांबलं होतं. बाई सवयीनं उठल्या आणि खिडकीकडे निघाल्या. लाकडी जमीन करकरली, पोरीनं गपकन डोळे उघडले. बाई थांबल्या. पुन्हा एक पाऊल, पुन्हा करकर, पुन्हा डोळे. बाई तशाच हळूच मागे येऊन स्टुलावर बसल्या.

आयुष्यात त्या कधी एवढा वेळ बसल्या नव्हत्या. पाच मिनिटांत गुडघा हलायला लागला. तो त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला. पाठीला रग लागली. खाज कुठून सुरू झाली कोण जाणे. खालून इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता, रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. पोरीची पाठ ताठ होती. तीन वाजता ती हळूच म्हणाली, "किती वाजले?" बाई म्हणाल्या, "तीन. मी आहे." सव्वातीनला पुन्हा, "किती वाजले?" "सव्वातीन. मी आहे." साडेतीनला तिनं विचारलं नाही. बाईंनी मान वाकवून बघितलं. तोंड उघडं होतं, हात पांघरुणाबाहेर लोंबत होता, श्वास लांब चालला होता. बाईंनी स्वतःचाही श्वास जपून घेतला.

चार वाजले, पाच वाजले. पोरगी कूससुद्धा बदलेना. पावणेसहाला आई चपला हातात धरून वर आली आणि दारातच थबकली. कितीतरी वेळ ती लेकीकडे बघत राहिली. मग बाईंच्या कानाशी येऊन कुजबुजली, "उठवू नका हं."

"सहाला उठवणार म्हणून सांगितलंय मी."

"अहो, सांगितलं म्हणून काय झालं! पंधरा दिवसांनी पोर झोपलीय. राहू दे सकाळपर्यंत. पाया पडते तुमच्या."

बाईंच्या जिवाची नुसती ओढाताण झाली. त्यांनाही तेच हवं होतं. ती झोप मोडायची म्हणजे हातातलं तान्हं पोर खाली टाकण्यासारखं होतं. पण त्या आईच्या कानाशी गेल्या. "आज नाही उठवलं, तर ती उद्या पुन्हा खिडकीत बसेल. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर झोपता येतं, हे तिला कळू दे. मी शब्द मोडला तर ती पुन्हा कुणावर भरवसा टाकणार नाही."

"आणि उठली, आणि पुन्हा झोपच नाही आली तर?"

"तर ते माझ्यावर," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज काही खात्रीचा नव्हता, आणि आईला ते कळलं. तिनं चपला खाली ठेवल्या आणि दाराला टेकून उभी राहिली. चेहऱ्यावर असं, की हिनं हात लावला तर मी हिला बघून घेईन.

सहा वाजले. बाई स्टुलावरून उठल्या. पाय बधिर झाले होते, त्या भिंतीला धरून पलंगाशी गेल्या. पोरीच्या खांद्याला हात लावला. नाही उठली. पुन्हा हलवलं. "उठ गं. सहा वाजले."

पोरीनं डोळे उघडले. क्षणभर तिला कळेचना आपण कुठे आहोत. मग दचकून ती अर्धी उठली आणि हात चाचपत फोन शोधायला लागली. बाईंनी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिनं वेळ बघितली. मग बाईंकडे बघितलं, दारातल्या आईकडे बघितलं, पुन्हा वेळ बघितली.

"सहाच वाजलेत," ती म्हणाली.

"सहा. सांगितलं होतं ना?"

पोरीनं डोळे चोळले. एक लांबलचक जांभई दिली, सगळे दात दिसतील अशी. आणि पुन्हा उशीवर पडत, पांघरूण नाकापर्यंत ओढत, अगदी कुरकुरत म्हणाली, "बाई, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं झोपू द्या ना."

दाराशी आईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बाईंनाही रडू आवरेना.

"झोप," त्या म्हणाल्या, आणि परत स्टुलावर जाऊन बसल्या.